शेवटच्या माणसाचं नाणं

४ फेब्रुवारी

आले एकदाची. खोली मनासारखी मिळाली. खिडकी पूर्वेला, गादी नवी, कपाटाला किल्ली आणि न्हाणीघर माझं एकटीचं. मागच्या नोकरीत आम्हा पाचजणींना मिळून एक नळ होता, त्यामुळे मला हा राजवाडाच. ताईला लगेच फोन केला. ती म्हणाली, इतकं कौतुक करू नकोस, दोन दिवसांनी रडत फोन करशील.

काम एकच, आजोबांना सांभाळायचं. वय नव्वदीच्या घरात, फुप्फुसं निकामी, दिवसभर नाकात ऑक्सिजनची नळी. मशीन कोपऱ्यात म्हशीसारखं सुस्कारे टाकत असतं. सूप भरवायचं, कूस बदलायची, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजनचा आकडा बघायचा. घरात त्यांची सून आहे, तिला मी वहिनी म्हणते. शिवाय सकाळी स्वयंपाकाची बाई येऊन जाते. मुलगा वारला, असं वहिनींनी सांगितलं आणि त्याच दमात चहात साखर किती घालू, ते विचारलं.

आजोबा गोड आहेत. माझा हात धरून म्हणाले, पोरी, तुझा श्वास छान आहे, खोल आहे. बायकांच्या डोळ्यांचं कौतुक करणारे म्हातारे पुष्कळ पाहिलेत. श्वासाचं करणारा हा पहिलाच.

७ फेब्रुवारी

इथल्या लोकांचा आजोबांवर भारी जीव. फळवाला, शिंपी, डॉक्टर, शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाई, जो तो विचारतो, आजोबा कसे आहेत? मी हौसेनं सांगते, आज अर्धी वाटी सूप जास्त घेतलं. तर समोरच्याचं तोंड पडतं. शिंप्यानं तर चक्क सुस्कारा सोडला आणि माझ्या गणवेशाचं माप चुकवलं. मास्तरीणबाई फुलं घेऊन आल्या. आजोबांची नखं उजेडात धरून निळी पडलीत का बघितली. गुलाबी दिसली तशी फुलं टेबलावर टाकून निघून गेल्या.

वहिनींना विचारलं तर हसल्या. म्हणाल्या, टकसाळ येतील उद्या, ते नीट समजावतील.

८ फेब्रुवारी

टकसाळ म्हणजे नाण्यांचे दलाल. खरं नाव कुणी घेतच नाही. हातात पांढरे मोजे, बोलणं तुपात घोळलेलं. त्यांनी रुमाल पसरून त्यावर एक नाणं ठेवलं. शुद्ध सोनं. दिसायला लहान, पण तळहातावर घेतलं की हात खाली जातो. एका बाजूला बोगद्याचं तोंड, दुसऱ्या बाजूला एकमेकांत गुंफलेले दोन हात.

आजोबा तरुणपणी बोगदा खणायच्या कामावर होते. बोगदा ढासळला. बरीच माणसं आत मेली, मोजकी जिवंत निघाली. पुढे त्यांच्या स्मरणार्थ ही नाणी काढली. ठरावीक नग पाडले आणि साचा सगळ्यांदेखत हातोड्यानं फोडला, म्हणजे पुन्हा पाडायची सोयच नाही. वाचलेल्यांपैकी आता फक्त आजोबा उरलेत. टकसाळ म्हणाले, सोन्याला सोन्याचा भाव कधीही मिळतो, पण हौशी माणूस वर पैसे मोजतो ते गोष्टीसाठी. आणि ही गोष्ट पुरी व्हायला एकच माणूस जायचा राहिलाय. तो गेला की नाणं तिप्पट. म्हणून ज्याला झेपलं त्यानं घेऊन ठेवलंय. शिंप्यानं, डॉक्टरांनी, मास्तरीणबाईंनीसुद्धा.

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकून होते. इथे माणूस जिवंत आहे आणि लोक चमचे घेऊन रांगेत उभे आहेत.

जाताना टकसाळ हळूच म्हणाले, सिस्टर, तुम्ही तर उशाशी बसता. तुमच्याइतकं आतलं कुणाला कळणार?

१५ फेब्रुवारी

घेतलं. आईची साखळी आणि दोन बांगड्या मोडल्या. त्यात निम्मा वाटा ताईचा, म्हणून तिला विचारावं लागलं. ती आधी ओरडली, लाज वाटत नाही का म्हणाली. मग म्हणाली, त्यांचा खोकला कोरडा आहे की ओला?

मी काही वाईट करत नाहीये. सेवा नीट करते, औषध वेळेवर देते. म्हाताऱ्या माणसाचं कधीतरी व्हायचंच. ते झालं तेव्हा माझ्या कपाटात एक नाणं असलं तर कुणाचं काय बिघडलं?

नाणं मोज्यात गुंडाळून ठेवलंय. दुपारी आजोबा झोपले की काढून बघते.

२४ फेब्रुवारी

सकाळी आजोबांची छाती भरून आली. ओठ काळे पडले, डोळे फिरले. मी वहिनींना हाक मारली, पण त्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. त्या कधीच येत नाहीत, हे आज लक्षात आलं. बाहेरूनच म्हणाल्या, तुम्ही जरा फाटकाशी जाऊन उभ्या राहा, डोळे पुसल्यासारखं करा.

केलं. खोटं कशाला लिहू, त्या क्षणी छातीत आनंदाची उकळी फुटली होती आणि डोळ्यांत पाणी खरंच आलं होतं. शिंपी मला बघून धावत आला. तासाभरात भाव चढला. टकसाळांनी वहिनींकडून नाण्यांची एक पेटी विकायला नेली.

दुपारी आजोबा उठून बसले. सूप मागितलं. भाव खाली आला आणि टकसाळांनी तेवढीच नाणी पडत्या भावात घेऊन पेटी परत आणून दिली.

मी वहिनींना विचारलं, हा काय प्रकार? त्या शांतपणे म्हणाल्या, त्यांचं मरण मला नकोच आहे, सिस्टर. मरणाची बातमी तेवढी अधूनमधून यावी. कोंबडी कापून खाणारी मी नव्हे.

म्हणजे ही बाई महिन्या-दोन महिन्यांनी सासऱ्याला मरणाच्या दारात नेणार, परत आणणार आणि त्यावर घर चालवणार. आणि मी एक नाणं घेऊन बसलेय. माझी वेळ कधी यायची?

२ मार्च

आज मशीनची चावी थोडी खाली केली. अगदी थोडी. खरंच थोडी.

आजोबांनी डोळे उघडले. रागावले नाहीत. पाठीवर हात ठेवावा तसे हसले.

५ मार्च

चिमट्यावरचा त्यांचा आकडा वाढलाय. मशीन कमी करूनही वाढलाय. डॉक्टर आले, त्यांनी चिमटा झटकून पाहिला, दुसरा लावला, मग चिडून पैसे न घेताच गेले.

मला जिना चढताना धाप लागली. रक्त कमी असेल.

८ मार्च

आज आजोबा आपणहून बोगद्याबद्दल बोलले. बाहेर लख्ख ऊन होतं, मी त्यांची नखं कापत होते.

म्हणाले, आम्ही ढिगाऱ्याखाली एका कोपऱ्यात होतो, मी आणि माझा धाकटा भाऊ. वरून हवेचा एक पाइप आलेला, त्याला तोंड लावून पाळीपाळीनं श्वास घ्यायचा. मग हवा कमी झाली. भाऊ माझ्या छातीवर कान ठेवून पडायला लागला. मला वाटलं माया करतोय. तो माझा श्वास थांबायची वाट बघत होता, पाइप त्याला एकट्याला मिळावा म्हणून.

मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत?

म्हणाले, मी कशाला काही करू? जो दुसऱ्याच्या मरणाची वाट बघतो ना, पोरी, त्याचा श्वास सैल होतो. दात हलायला लागतो तसा. आपण जवळ असलो की सुटून आपल्याकडे येतो. भावाचा आला. मग बरोबरच्यांचे आले. पोराचा आला, त्यानं तर ट्रंकभर नाणी जमवली होती. तुझ्या आधीच्या सिस्टरचा आला, पण तो फार टिकला नाही, तिची नियत त्यामानानं बरी होती.

मी कात्री खाली ठेवली. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाले, तुझा चांगला आहे. मी पहिल्याच दिवशी बोललो होतो.

९ मार्च

म्हातारा चळलाय. वयाचा दोष.

स्वयंपाकाच्या बाईला सहज विचारलं. ती म्हणाली, हो, आधीच्या सिस्टरला याच खोलीतून उचलून नेलं. आली तेव्हा धडधाकट होती. मग पीठ मळता मळता म्हणाली, मला फुकट दिलं तरी मी ते नाणं घेणार नाही. मी रोज सकाळी दारातून म्हणते, आजोबा, शंभरी गाठा. मनापासून म्हणते. म्हणावंच लागतं.

तिला वाटलं मी हसेन. मला हसायला दम पुरला नाही.

१२ मार्च

नाणं विकायला गेले. टकसाळांना म्हणाले, येईल त्या भावाला घ्या. ते म्हणाले, आज गिऱ्हाईक नाही, आजोबा अंगणात चालताना दिसले, बाजार पार बसलाय. मग तुम्हीच ठेवून घ्या म्हटलं. त्यांनी मोज्यातले हात मागे घेतले. अतिशय नम्रपणे म्हणाले, मी दलाल आहे, सिस्टर. माझ्याकडे वस्तू थांबत नाही.

परत येताना रस्त्यात तीनदा बसले. फळवाल्यानं स्टूल दिलं. त्यानं माझी नखं बघितली.

१३ मार्च

निघून जायचं ठरवलं. बॅग भरली. फाटकापर्यंतही पोचले नाही. डॉक्टरांनी तपासलं, प्रवास करायचा नाही म्हणाले. त्यांचीही नाणी आहेत. त्यांना आजोबांजवळ कुणीतरी राहायला हवंय का? की नकोय? मला काही उलगडत नाही.

नाणं सकाळी गटारात टाकलं होतं. वहिनींनी ते धुऊन, पुसून माझ्या उशाशी आणून ठेवलं. तुमच्या आईची आठवण आहे ना त्यात, म्हणाल्या.

पण नाण्यानं काय होतंय? नाणं टाकता येतं. ते जावेत असं जे वाटतंय ते कुठे टाकू? आता तर पैशासाठीही नाही. ते गेले तर मी वाचेन, म्हणून ते जावेत. जितकं वाटतं तितका दम—

१५ मार्च

मशीन बंद केलं. पूर्ण बंद. खोलीत पहिल्यांदाच शांतता झाली.

आजोबांनी नाकातली नळी काढली, नीट गुंडाळली, उशीवर ठेवली आणि चप्पल शोधू लागले.

१७ मार्च

मशीन माझ्या खोलीत आणलंय. वहिनी उंबऱ्यापाशी थांबून बाहेरून बोलावलेल्या गड्याला सांगत होत्या, कुठे ठेवायचं. आता माझ्याही उंबऱ्याच्या आत येत नाहीत. त्या खूश आहेत. भाव पडलाय तोवर जेवढी मिळतील तेवढी नाणी घेतायत.

आजोबा दुपारी येऊन पलंगाशी बसतात. मला सूप भरवतात. हात अजिबात थरथरत नाही.

१८ मार्च

सकाळपासून म्हणतेय, आजोबा, शंभरी गाठा. शंभर वेळा म्हटलं असेल. तोंड म्हणतं. आत दुसरंच काहीतरी म्हणत असतं. ते समोर बसून ऐकत होते. मान हलवली, म्हणाले, नाही गं, अजून नाही जमलं. पुन्हा म्हण.

पुन्हा म्हटलं.

त्यांना मजा वाटते. भावालाही असंच म्हणायला लावलं होतं, म्हणाले. तो लहान होता. रडायचा मध्येच.

२० मार्च

ताईला फोन— काही झालं तरी इकडे येऊ नकोस सांगायला केला. शब्द फुटेना. ती म्हणाली, तुझा आवाज का असा येतोय? मग विचारलं, भाव का पडलाय, आजोबा बरे होतायत की काय, तू नक्की करतेस तरी काय तिथे—

येते म्हणाली.

२१ मार्च

लिहिताना ओळ— मध्ये थांबावं लागतं. खिडकीतून दिसतंय. आजोबा अंगणात. खोल श्वास घेतात. छाती भरून. बघितलं की कळतं तो कुणाचा—

माझाच आहे. चढाला मी तसाच घ्यायचे. नाकानं, दोन टप्प्यांत.

२३ मार्च

ताई आली. उशाशी बसली. रडली. खरं रडली. कपाळावर हात ठेवला. तेवढ्यात बरं वाटलं—

मग वहिनींनी हाक मारली. बाहेर बोलणं चाललंय. भिंतीतून येतंय. नोकरी आता मोकळी होईल म्हणतायत. खोली चांगली आहे, खिडकी पूर्वेला. नाणं बहिणीबहिणींचं होतं ना, आता तुमचंच म्हणायचं.

ताई नाही म्हणेल. ती पहिल्यांदा नाही म्हणाली होती. ओरडली होती.

ओरडत नाहीये.

२४ मार्च

बोलता येत नाही. म्हणून हे तिच्यासाठी लिहितेय. ताई, वाच. नाणं घेऊ नकोस. आजच्या आज जा. त्यांच्या खोलीत जाऊ नकोस, आणि काही झालं तरी मनात—

ती आत आली. वही पुढे केली. तिनं न वाचताच बाजूला ठेवली, म्हणाली, आता लिहून दमू नकोस.

आजोबा तिच्या मागे उभे. तिचा हात धरलाय. काहीतरी छान म्हणाले, ती लाजली.

पुन्हा ओढून घेतलीय वही. ताई, इकडे बघ. माझ्याकडे. ती त्यांच्याकडे बघतेय. छातीकडे. वर जाते, खाली येते, तिचे डोळे त्याच्याबरोबर वर— खाली—

मोजतेय ती. ताई, नको, तू मो—