मागच्या जमिनीचा रस्ता

मी, खाली सही करणारा, टपाल खात्यातून निवृत्त झालेला, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. चिरंजीवांना तसे वाटत नसल्याने डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे मृत्युपत्र कोणी लिहवून घेतलेले नाही. लिहिताना चहासुद्धा मीच करून घेतला.

१. घर व अंगण माझ्या मुलीस. चिरंजीव विचारतील, "ताईचा काय संबंध?" संबंध असा. जमीन घेतली तेव्हा मोठ्या रस्त्यापासून आत यायला नुसती काळ्या मातीची पट्टी होती. मला ती फार आवडली. शाळेत सारा वर्ग एका सुरात ज्या कविता म्हणायचा, त्यांत अशाच वाटा असत. झाडांतून निघून डोंगराआड जाणाऱ्या. त्या वाटांवर विटांचा ट्रक येत नाही, हे गुरुजींनी सांगितले नव्हते.

चिरंजीव तेव्हा शहरात नुकतेच साहेब झाले होते. फोनवर म्हणाले, "बाबा, आधी घर उभं करा. रस्ता काय, होतो आपोआप." मी ऐकले. ट्रक चाकांच्या आसापर्यंत रुतला. विटा मोठ्या रस्त्यावरच उतरल्या आणि माझी पत्नी (आता ती नाही) व मुलगी यांनी त्या डोक्यावरून आत आणल्या. शेवटी मुलीने काम थांबवले. "बाबा, घर पळून जात नाही. आधी रस्ता."

तिने काळी माती उकरून काढवली, मोठे दगड हाताने बसवले, फटींत खडी भरली, वर मुरूम टाकून पाणी मारले. ओहोळावर सिमेंटचे पाइप घातले, कडेने चर खणला. मुरूम दाबायला आम्ही दोघे रूळ ओढायचो तेव्हा मी कविता म्हणायचो. ती म्हणायची, "जरा जलद चालीची म्हणा ना, या चालीत मुरूम वाळून जाईल."

घर झाल्यावर चिरंजीव आले. गाडी थेट दारापर्यंत आणली, उतरले आणि म्हणाले, "बघा, झाला की नाही रस्ता?"

२. फावडी, घमेली, रूळ मुलीस. बँकेतली शिल्लकही तिलाच. रस्त्याला दर वर्षी मुरूम लागतो.

३. माझी मोजपट्टी शेजारच्या 'सरकोबां'स. त्यांच्या बांधाचे दगड दर वर्षी आमच्याकडे चालत येतात. त्यांची स्वतःची पट्टी रबराची असावी.

४. कवितेची जुनी पाठ्यपुस्तके गावच्या शाळेस. सूनबाईंनी एकदा विचारले होते, "रद्दीवाला आलाय, देऊन टाकू का?" त्यांना पुस्तकांचे कपाट द्यावे. रिकामे. त्यांना ते तसेच हवे होते.

५. मागची मोठी जमीन चिरंजीवांस. अलीकडेच ते जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून म्हणाले, "मागे माझा बंगला. ताईला वाटलं तर एक खोली राहू दे." जमीन पूर्णपणे त्यांची, तीत कोणी वाटा मागू नये.

६. रस्ता मी वेगळ्या खरेदीखताने घेतला आहे. मागच्या जमिनीकडे जायला दुसरी वाट नाही. तो पूर्णपणे मुलीस. चिरंजीवांना पायी ये-जा करायची कायम मुभा आहे. सकाळचे चालणे प्रकृतीला चांगले असते. चाक असलेले काहीही न्यायचे तर मुलीची परवानगी घ्यावी. ती तिच्या दारात उभे राहून मागावी, फोनवरून नव्हे, आणि दर खेपेला मागावी. वकील म्हणाले, "काका, फार कडक होतंय." मी म्हटले, तुम्ही लिहा.

मुलीला हे कलम वाचून दाखवले. ती म्हणाली, "बाबा, त्यानं रस्ता मागितला तर मी देणार हं."

द्यावा. आधी मागू तर दे त्याला.

वरील सर्व मी वाचले, मला मान्य आहे, आणि पुढील दोघांच्या देखत सही करीत आहे.

सही: मुलीचा बाप

साक्षीदार:
१. ट्रॅक्टरवाला (मुरूम यानेच आणला)
२. निवृत्त चित्रकला शिक्षिका, पलीकडच्या घरातल्या

स्थळ: राहते घर
दिनांक: ३ मार्च, मंगळवार