सासूबाईंचे लंगोट

३ फेब्रुवारी

शी! दुसरा शब्दच सुचत नाही. साबणाने हात घासघासून धुतले, तरी जेवताना वास आलाच. ताट तसंच सरकवून उठले.

डॉक्टर येऊन गेले. विकतच्या डायपरनी सासूबाईंची कातडी पार सोलवटली आहे. "आता सुती कापडच वापरा. जखम खोल गेली तर दवाखान्यात ठेवावं लागेल." दवाखाना म्हटल्यावर सासूबाईंनी पलंगाची कड घट्ट धरली. सासरे तिथे गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून त्यांनी दवाखान्याची धास्ती घेतली आहे.

हे म्हणाले, "शिव की तूच लंगोट. मशीन पडूनच आहे." यांना बोलायला काय जातंय! मी जन्मात उशीचा अभ्रासुद्धा सरळ शिवलेला नाही.

५ फेब्रुवारी

कपाटात पडद्याचं उरलेलं कापड होतं. दिसायला छान, हाताला गुळगुळीत. शिवला, ऐटीत बांधला — आणि तो थेंबभर पाणी पिईल तर शपथ! सगळं मांड्यांवरून थेट गादीत. गादी उन्हात ओढून नेली. मोरीत जाऊन ओकले.

सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या, "हिला कापडातलं काय कळतंय."

मला त्यांच्या अंगाची किळस येते. लिहिलं एकदाचं. लग्न झाल्यापासून माझ्या हातच्या प्रत्येक गोष्टीला नाक मुरडलं, आणि आता यांची घाण मीच काढायची.

६ फेब्रुवारी

सुई बोटात घुसली. चुलीत गेलं ते शिवणकाम.

९ फेब्रुवारी

जुनी सुती चादर फाडली. धुऊन धुऊन मऊ झालेली, पाणी पिणारी. घड्या घालून जाड केली तर मशीन मध्येच अडलं, सुई मोडली. मग कडेला पातळ आणि मधेच जाड, असं काहीतरी जमवलं. पण शिवण आतल्या बाजूला राहिली आणि नेमकी जखमेवर घासली. सासूबाई कळवळल्या. मला वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला.

१४ फेब्रुवारी

सगळे उसवले. शिवण बाहेर घेतली, बटणं काढून नाड्या लावल्या. उसवताना धाग्यांत अडकलेलं काय काय निघालं — जाऊ दे, लिहवत नाही.

बांधताना सासूबाई डोळे मिटून घेतात. मी श्वास रोखून धरते. झालं की दोघी आपापल्या दिशेला बघतो.

२० फेब्रुवारी

जखम भरतेय म्हणाले डॉक्टर. दवाखान्याचं नाव काढलं नाही. हे खूश — "बघ, जमलं की नाही?" यांना बादलीचं झाकण एकदा उघडायला लावते, मग कळेल. मला अजून अंगावर काटा येतो.

एवढं शिवलं, धुतलं, वाळवलं, पण बरं म्हणायला सासूबाईंचं तोंड उघडत नाही.

२३ फेब्रुवारी

भिजवलेल्या लंगोटांची बादली उचलताना शिंक आली, आणि मला उभ्या उभ्याच लघवी झाली. पायापर्यंत ओघळ. सासूबाईंच्या पलंगासमोर. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता तोंडाचा पट्टा सुटणार, म्हणून मी तशीच उभी राहिले.

त्यांनी उशाशी ठेवलेल्या लंगोटांच्या घड्यांकडे हात केला.

"वरचा घे," म्हणाल्या. "तो मऊ आहे."