घरच्या घरी क्लच

२ फेब्रुवारी, रविवार
आजपासून मोटरसायकलची सगळी देखभाल स्वतः करायची. नाक्यावरच्या मेकॅनिककडे जाऊन तासभर स्टुलावर बसणं बंद. सुरुवात इंजिन ऑइलपासून केली. साहेबांनी मोटार विकली तेव्हा ऑइलचा एक सीलबंद डबा उरला होता, तो त्यांनी मला दिला. अख्ख्या ड्रॉइंग सेक्शनमधून मलाच. डब्यावर मोटारीचं सुंदर चित्र आहे. मोटारीचं तेल मोटरसायकलला मिळणं म्हणजे तिची बढतीच. मागे बारीक अक्षरांत बरंच काही छापलंय. चांगल्या वस्तूवर असतंच.
जुनं तेल काढलं, नवं घातलं. रिकामा डबा हिने धुतला आणि फिनेल भरून बाथरूमच्या फळीवर ठेवला.

५ फेब्रुवारी, बुधवार
हिची हेडक्लार्कची परीक्षा २ मार्चला, सकाळी नऊ वाजता. केंद्र टेकडीवरच्या कॉलेजात. ही संधी गेली तर पुढची तीन वर्षांनी. आधी दोनदा गेली आहे. एकदा आईचं ऑपरेशन होतं. एकदा हॉलतिकिटावरची तारीख मी वाचून सांगितली होती. त्यावर आमच्यात बोलून झालेलं आहे.
रिक्षा सांगून ठेवते म्हणाली. मी म्हटलं, घरात गाडी असताना रिक्षा कशाला, मी सोडतो. शब्द दिला. ती अभ्यासाचं पुस्तक उघडून बसली. म्हणजे पटलं.

८ फेब्रुवारी, शनिवार
सरावासाठी हिला मागे बसवून टेकडीच्या चढावर गेलो. इंजिनचा आवाज जोरदार, वेग मात्र सायकलचा. एक आजोबा चालत पुढे गेले. ही मागून म्हणाली, गाडी ओरडतेय खूप, पण जात नाही. मी समजावलं की चढावर वजनाचा परिणाम होतो. 

९ फेब्रुवारी, रविवार
दोन तास व्हिडिओ पाहिले. निदान पक्कं: क्लच घसरतोय. प्लेट्स झिजल्या.
केवळ खात्री म्हणून नाक्यावर गेलो. मेकॅनिकने गाडीकडे न बघताच विचारलं, तेल कोणतं घातलंय. मी क्लचबद्दल बोलतोय आणि हा तेलाबद्दल. विषय बदलायची यांची जुनी सवय. अर्धा चहा तसाच ठेवून निघालो.
क्लच घरीच करायचा. तीन आठवडे आहेत. काम एका दुपारचं.
ही म्हणाली, बाबांना एकदा फोन करू या का. सासऱ्यांची सगळी नोकरी बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये गेली. लहानपणी ही त्यांच्या हातात पाने-पकडी द्यायची, कॉलेजात त्यांची मोटरसायकलही चालवायची म्हणे. मी तिला चालवताना पाहिलेलं नाही. मी म्हटलं, त्यांना या वयात कशाला त्रास.

११ फेब्रुवारी, मंगळवार
घाईने काम बिघडतं. आधी ड्रॉइंग. ऑफिसात फावल्या वेळात क्लचचा सुटा आराखडा काढला. प्रत्येक प्लेट वेगळी, क्रमांकासह, तीन रंगांत. फावला वेळ साडेदहा ते पाच होता. साहेब मागे येऊन उभे राहिले, म्हणाले, छान आहे, पण पाण्याच्या टाकीचं काय झालं. टाकी उद्या.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
नवं हेल्मेट घ्यायचं ठरलं. क्लच झाल्यावर वेग वाढणार, तेव्हा डोक्याचा विचार आधी हवा. जुन्याची काच वर राहत नाही, हाताने धरावी लागते. हिने विचारलं, आधी क्लच की आधी हेल्मेट. दोन्ही कामं समांतर चालतात, असं सांगितलं.

१६ फेब्रुवारी, रविवार
क्लच उघडला.
झाकण निघालं. त्याखालचं कागदी गॅस्केट फाटलं, ते फाटतंच. तेल आधी काढून घेतलं होतं. चौदा दिवसांचं तेल, फेकणार कोण? मलमलच्या फडक्यातून गाळून ठेवलं. प्लेट्स आईच्या मोठ्या पातेल्यात. आईने खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, सहावीत असताना भिंतीवरचं घड्याळ उघडलं होतंस, ते अजून माळ्यावर आहे. पार्किंगमध्ये चार लोक उभे असताना हे बोलायची गरज नव्हती.

१७ फेब्रुवारी, सोमवार
बसने ऑफिसला. बसमध्ये विचार करायला शांतता मिळते.

१९ फेब्रुवारी, बुधवार
हीसुद्धा बसनेच जाते. बस बदलावी लागते, पाऊण तास जास्त. तो वेळ ती अभ्यासाला वापरते. गाडी उघडल्याचा हाही एक फायदा.

२२ फेब्रुवारी, शनिवार
हेल्मेटच्या दुकानात गेलो. दुकानदाराने टेपने डोकं मोजलं आणि मीडियम काढून दिलं. घातलं तर गाल दाबले गेले. तो म्हणाला, साहेब, दाबले गेलेच पाहिजेत, नवं हेल्मेट आवळच घ्यायचं. मी त्याला सांगितलं की आमच्या घराण्यात डोकी मोठी. वडिलांची टोपी शेजारपाजारी कुणाला बसत नसे. एक्स्ट्रा लार्ज घेतलं. तो दोनदा बघा म्हणाला. मी एकदाच बघितलं. निर्णयाला वेळ लावत नाही.
घरी येऊन तासभर घालून बसलो. मान डावीकडे वळवली तरी हेल्मेट समोरच बघतं. स्थिर स्वभावाचं आहे. खाली वाकलो की आधी तेच वाकतं. आई दहा मिनिटं हाका मारत होती. ऐकू आल्या नाहीत, म्हणजे वाऱ्याचा आवाजही येणार नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार
नव्या प्लेट्स, नव्या स्प्रिंग बसवल्या. ड्रॉइंगबरहुकूम. एकही भाग उरला नाही, हे आईला मुद्दाम वर जाऊन सांगितलं. गाळलेलं तेल परत घातलं.
संध्याकाळी चाचणी. सपाटीवर उत्तम. चढावर इंजिन ओरडलं आणि गाडी जागच्या जागी राहिली. करपल्यासारखा वास. नव्या प्लेट्सना रुळायला वेळ लागतो.

२४ फेब्रुवारी, सोमवार
अजून रुळतायत.

२६ फेब्रुवारी, बुधवार
हिने शांतपणे विचारलं, रविवारी नक्की जाणार ना आपण? नाहीतर मी आजच रिक्षावाल्याला सांगते. मी म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही का.  ती म्हणाली, विश्वासाचा नाही, नऊ वाजताचा प्रश्न आहे. मला वाईट वाटलं. रिक्षा सांगू नकोस म्हणून निक्षून सांगितलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार, पहाटे साडेपाच
झोप नाही. चढावर पुन्हा जाऊन आलो. तेच. प्लेट्स नव्या, स्प्रिंग नव्या, केबल ठीक. माझं काम निर्दोष आहे. म्हणजे दोष टेकडीत. दुसऱ्या बाजूने रस्ता आहे का ते नकाशात पाहिलं. नाही.
सासऱ्यांना फोन लावावासा वाटला. नंबर काढला. पहाटे साडेपाचला कसा करणार? सात वाजता करायचा विचार केला. सात वाजता अंघोळ केली.

१ मार्च, शनिवार
हेल्मेट बदलून घ्यायला गेलो. (थोडं हलतं. हवा बदलली की होतं.) दुकानदार म्हणाला, काचेवरची फिल्म काढलीत, आता बदलून मिळणार नाही. गालांच्या आतल्या गाद्या जाड घालून देतो, पण त्या सोमवारी येतील. वाद घातला. तिथून शहरभर दुसरं दुकान शोधत फिरलो. परत आलो तेव्हा सहा वाजून गेले होते.
ही बाथरूममध्ये ब्रशने नखं घासत होती. नखांत काळं. अभ्यास झाला का विचारलं. झाला म्हणाली.
आईने नंतर सांगितलं: ही तीनपासून पार्किंगमध्ये होती. फोन सीटवर ठेवलेला, त्यातून व्याही बोलतायत आणि ही पान्यांनी क्लच खोलतेय. म्हणे त्यांनी पहिला प्रश्न तेलाचाच विचारला. मग हिने बाथरूममधला डबा खाली नेऊन त्यावरचं त्यांना वाचून दाखवलं. तेल सगळं काढून टाकलं, प्लेट्स पेट्रोलने धुतल्या, नाक्यावरून मोटरसायकलचं तेल आणि गॅस्केट आणलं, सगळं बसवलं. तीन तास. परीक्षेच्या आदल्या दिवशी.
थोडक्यात, माझ्या कामावर तिने शेवटचा हात फिरवला. माझं ड्रॉइंग तिने समोर भिंतीला चिकटवलं होतं. पाचव्या प्लेटवर तिच्या अंगठ्याचा तेलकट ठसा आहे. आई म्हणते, बाबांना ती सांगत होती की ड्रॉइंग होतं म्हणून सोपं गेलं.
हे वाक्य आईकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

२ मार्च, रविवार, सकाळी १०.२०, कॉलेजच्या गेटबाहेर
सव्वाआठला निघालो. मी किक मारली, गाडी लगेच सुरू. ही म्हणाली, चढावर ती कशी चालते ते मला कळलंय, मीच चालवते, तुम्ही मागे बसा. वेळ वाया नको म्हणून बसलो.
नवं हेल्मेट तिने घेतलं. तिच्या अंबाड्यासकट ते अगदी नेमकं बसलं. तिने मान डावीकडे वळवली, हेल्मेटही डावीकडे वळलं. जुनं माझ्याकडे आलं. उजव्या हाताने काच धरली, डाव्या हाताने सीटमागचा बार.
चढ लागला. मी म्हटलं, दुसरा गिअर टाक. तो पडलेला होता. आवाज नाही, वास नाही. त्या दिवशीचे आजोबा दिसले, मागे पडले. त्यांच्याजवळून जाताना तिने किंचित हॉर्न वाजवला. गाडी चालवताना ती असं करते हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं झाली लग्नाला.
आठ चाळीसला पोचलो. हॉलतिकीट काढून तारीख तिने स्वतः वाचली, मग हसली. हेल्मेट माझ्या हातात दिलं. किल्ली तिच्या पाऊचमध्ये पेनांबरोबर गेली. सवयीने गेली असेल. दोन हेल्मेटं घेऊन गाडीला टेकून उभा आहे. येणारे-जाणारे दुकान समजतायत.

संध्याकाळी
पेपर चांगला गेला. सगळं सोडवलं म्हणाली.
सासऱ्यांचा फोन आला. हेल्मेट छान आहे असं हिने सांगितलं म्हणाले. तेलाबद्दल एक अक्षर नाही. हिनेही नाही, आईनेही नाही. रागावले असते तर काहीतरी उत्तर देता आलं असतं.
हात धुवायला बाथरूममध्ये गेलो. फळीवर डबा, मोटारीच्या चित्राचा. एक महिना रोज सकाळी याच्यासमोर दात घासतोय. आज उलटा फिरवला. मागे दुसऱ्याच ओळीत लिहिलंय: मोटरसायकलसाठी वापरू नये, क्लच घसरतो. अक्षर बारीक आहे, पण वाचता येतं. आराखड्यावर यापेक्षा बारीक अक्षरं मी काढतो. त्याचाच पगार मिळतो मला.
तेल मी घातलं होतं. हे मी घरात कुणालाही सांगितलेलं नाही. सगळ्यांना माहीत आहे.
किल्ली अजून तिच्या पाऊचमध्ये आहे. उद्या ऑफिसला जाताना मागायची. नाहीतर बस आहेच.