पुस्तक बाजूला ठेव

ती. बाबा,

पायांवर डोकं ठेवतो. अक्षर वाकडंतिकडं दिसेल, कारण उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. आईला जिन्यावरून पडलो म्हणून सांगा. तिची कंबर कशी आहे?

तुम्ही तुमच्या वाचकमंडळात टपालाने फिरतं ठेवलेलं आयरिश साधूंच्या इतिहासाचं पुस्तक पोचलं. आधीचा वाचक, तो कंपाउंडर, इथे पलीकडच्याच गल्लीत राहतो. तरी तुमचा नियम म्हणून त्याने टपालानेच पाठवलं.

पार्सल घेऊन येत होतो, तेवढ्यात दंगल उसळली. जमाव बेकरीवाल्याला दुकानातून फरपटत काढून सळयांनी मारत होता. मी मध्ये पडलो. ज्याची सळई माझ्या दंडावर बसली, तो कंपाउंडर होता. पार्सलवरचं स्वतःचं अक्षर बघून थबकला. म्हणाला, "पुस्तक बाजूला ठेव, रक्त लागेल." मी खुळ्यासारखं ठेवलं. मग त्याने मला दुसरी हाणली. बेकरीवाला जागीच गेला.

दवाखान्यात पुस्तक वाचलं. लुटारू मठात शिरून म्हाताऱ्या साधूला कापतात, त्या पानावर कंपाउंडरने तांबड्या पेन्सिलीने लिहिलंय, 'कुठल्या आईची ही लेकरं?'

पुढच्या फेरीत त्याला घ्यायचं का, तुम्हीच ठरवा. माझ्या तोंडून नुसत्या शिव्या येतात.

तुमचा,
धाकटा