रिकाम्या हातांचा कप्पा

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

— आणि मी परातीत बाजरीचं पीठ मळत होते. हे ओट्याला टेकून, वर्तमानपत्रावर, ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढत होते. "अहो, पिठात सालं उडतायत!" तर म्हणाले, "उडू दे. तेवढीच विद्या पोटात जाईल." मग नळाला पाणी आलं आणि मी हंडा लावायला धावले. बस्स, एवढीच सकाळ. दिवाळीची सुट्टी संपून आज कॉलेजात पहिला झाडू मारला, तर नेमकी तीच आठवली.

ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. ह्यांच्याच जागेवर मी लायब्ररीत शिपाई आहे. शाळा सातवीपर्यंतच. पुढचं सगळं ह्यांनी घरी आणलेल्या पुस्तकांनी शिकवलं. अजूनही कपाटं पुसता पुसता उभ्यानं चार पानं वाचते.

बुधवार, ५ नोव्हेंबर

लायब्ररीच्या सृष्टी मॅडम, माझ्या लेकीच्या वयाच्या, आज उतरलेल्या चेहऱ्यानं बसल्या होत्या. कॉलेजचा पाच वर्षांचा आराखडा चाललाय. वायफाय, ई-पुस्तकं, सर्व्हर. चांगलंच आहे की! पण सर्व्हरला खोली हवी, आणि समितीच्या यादव सरांनी आमची वाचनखोलीच दाखवली. "तिथं येतंच कोण? मुलं मोबाइलवर वाचतील."

ते गेल्यावर तिथंच अभ्यासाला बसलेली वेदिका उसळली. पेठ तालुक्यातल्या खेड्यातली, इथं वसतिगृहात राहते. "गावाला रेंजसाठी टेकडी चढते मी! तिथं उभी राहून वाचू का?"

"सर गेल्यावर बोलतेस होय गं?" मी म्हटलं. हसली, पण डोळे भरले होते. वसतिगृहात एका खोलीत सहा जणी. ही खोली गेली तर पोरगी अभ्यासाला बसणार कुठे?

मॅडम म्हणाल्या, "मावशी, संगणकात फक्त नेलेल्या पुस्तकांची नोंद असते. काही न मिळता कोण परत गेलं, ते कुठंच लिहिलेलं नाही."

मी तीच काच पुन्हा पुन्हा पुसत राहिले.

लिहिलेलं आहे. माझ्या घरी आहे, देव्हाऱ्याखाली.

रिकाम्या हातानं परत गेलेल्या प्रत्येकाची हे चिठ्ठी करायचे. जुन्या कार्डांच्या पाठीवर, पेन्सिलीनं. नाव, काय मागितलं, का मिळालं नाही. कार्डांच्या कपाटातला सगळ्यात खालचा कप्पा त्यासाठी ठेवलेला. ह्यांचं सामान आणायला गेले तेव्हा तो कप्पाच पिशवीत घालून आणला. कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

दर रविवारी एकच चिठ्ठी वाचते. पुरवून पुरवून.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आजही सांगितलं नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

चटई अंथरली आणि सगळ्या चिठ्ठ्या एका दमात वाचून काढल्या. आता पुढच्या रविवारी नवीन काही नाही!

"सोमनाथ. सातपूरला कारखान्यात दुसरी पाळी. सकाळी सातला उघडाल का म्हणतो. नियमात नाही."

"मोहिनी. अर्ज भरायला संगणक. दोनांतला एक बंद."

"येवल्याचा मुलगा, नाव राहिलं. एस.टी.ला तीन तास होते, बसू द्या म्हणाला. ओळखपत्र नव्हतं. बसवायला हवं होतं."

हे शेवटचं वाक्य नंतर लिहिलेलं. पेन्सिल गडद आहे. असेच होते हे.

आणि तळाशी एक: "प्रतिभा, घरची. खिडकीजवळ बसून वाचायचं म्हणते. नियमात नाही. विचारत राहणे."

डबा द्यायला गेले होते तेव्हा मी सहज म्हटलं होतं. हे नुसते हसले होते. मला वाटलं, चेष्टेवारी नेलं.

भाकरी करायची राहिली आज.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सोमवारीच कप्पा मॅडमच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, "रागवा. तीन वर्षं मीच दडवला." रागावल्या नाहीत. माझा हात धरून बसल्या. दोन दिवस त्या आणि वेदिका चिठ्ठ्या लावत होत्या. सगळ्यात उंच ढीग पुस्तकांचा नव्हताच! बसायला जागा द्या, लवकर उघडा — त्याचा होता.

आज समिती बसली. ढीग दाखवायला मॅडमनी वेदिकालाही सोबत नेलं. मी चहा घेऊन गेले तेव्हा यादव सर चिठ्ठ्या वाचत होते. येवल्याच्या मुलाजवळ थांबले. "हे कुणी लिहिलं?"

"आमच्या ह्यांनी."

ती चिठ्ठी त्यांनी जपून ढिगावर परत ठेवली. मग म्हणाले, "सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत बसेल का?"

"बसेल सर," वेदिका म्हणाली. ह्या वेळी समोरासमोर! "त्याला खिडकी लागत नाही."

वाचनखोली राहिली. संगणक वाढणार. आणि उद्यापासून सातला उघडायची. किल्ली माझ्याकडे.

चिठ्ठ्या आता कॉलेजच्या दप्तरात राहतील. मॅडमनी माझी तेवढी बाजूला काढली. "ही तुमची, मावशी. घरी न्या."

"राहू द्या तिथंच," मी म्हटलं. "मागणीच आहे ती."

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सातला कुलूप काढलं. झाडलं, टेबलं पुसली. मग खिडकीजवळची खुर्ची ओढली आणि बसून वाचलं.