शनिवारचा डबा

रविवार, ९ जुलै

चि. बंड्या यास,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिते; आज ते मनातून निघत नाहीयेत. बाबा बरे आहेत. गच्चीवरची टाकी गळत होती, ती दुरुस्त करून घेतली. संपली खुशाली.

काल तुझा डबा आला. दर शनिवारी येतो तसाच. वर तुझ्या बेकरीचा लाल कागद, आत लोण्याची बिस्किटं आणि चिठ्ठी, 'बाबांना माझ्याकडून.' तुला लाज कशी वाटत नाही? त्यांना साखरेचा आजार होऊन सहा वर्षं झाली. पायाची जखम चार महिने भरत नव्हती, तेव्हा रोज पट्टी कोण बदलत होतं? तू फोनवर म्हणालास, "एखाद्या बिस्किटानं काय होतंय गं, ताई?" एखाद्यानं काही होत नाही. रोजच्यानं होतं, आणि रोज इथे मी असते.

तुझं गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. मी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात राबते आणि पेशंट माझ्या नावानं बोटं मोडतात. प्रत्येक ताटावर मी चिठ्ठी लावते : कमी मीठ, पातळ, बिनसाखर. घरीही तीच सवय. "मी काय वॉर्डात आहे?" म्हणून बाबा चिडतात, पण जेवतात. परवा त्यांचा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, कमाल केलीत तुम्ही!" सहा वर्षं भाज्या मी उकडल्या, कमाल आजोबांची. असो.

डबे मी कचऱ्यात टाकते, असं तुला मागे लिहिलं होतं. ते खोटं होतं.

ती बिस्किटं मी खात होते. कामावरून आले की ओट्यापाशी उभ्यानं, दार लोटून. पहिलं बिस्किट तुझ्यावरच्या रागानं खाल्लं. पुढे पुढे डबा सोमवारपर्यंतही पुरेना. दिवसभर दुसऱ्यांची बेचव ताटं चाखून जीभ मरून जाते रे. तुझ्या हाताला चव आहे, हे लिहितानाही माझ्या जिवावर येतंय. या घरात गोड असं एवढंच यायचं, आणि तेही माझ्या नावानं नाही.

परवा डॉक्टरीणबाईंनी माझंही रक्त तपासलं. माझी साखर बाबांच्या दुप्पट निघाली. तो कागद मी मिठाच्या बरणीमागे लपवला, कारण तिकडे माझ्याशिवाय कोणी फिरकत नाही. असं मला वाटत होतं! आपले तीर्थरूप चोरून चिमूटभर मीठ घ्यायला गेले आणि कागद त्यांच्या हाती लागला.

आज दुपारी माझ्या ताटावर चिठ्ठी होती. बाबांच्या अक्षरात, 'बिनसाखर'. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी कुरकुर न करता उकडलेली भाजी संपवली. मला रडू आलं आणि तुझा भयंकर संताप आला.

बाई म्हणाल्या, आता तोंड सांभाळलंत तर डोळे, पाय शाबूत राहतील. ते शाबूत राहायलाच हवेत. बाबांना दुसरं आहे कोण?

कालचा डबा अजून फळीवर आहे. उघडलेला नाही. हे पत्र लिहिताना दोनदा उठून बघून आले, दुसऱ्यांदा कागदाची दोरीही सोडली. माझा मलाच भरवसा नाही. तेव्हा यापुढे डबे पाठवू नकोस. स्वतः ये, हात हलवत ये, आणि हा घेऊन जा. लवकर ये.

तुझ्यावर अजून रागावलेली,
ताई