मधली जागा

४ फेब्रुवारी
आज रुजू झाले! एका झपाटलेल्या घरावरची बावीस प्रकरणांची कादंबरी, ती मी मोठ्याने वाचायची आणि लोकांनी कानांनी ऐकायची. घरातली पहिली पदवीधर मी. आईला अक्षरओळख नाही. आता तिच्यासारख्या कितीजणी काम करता करता पुस्तक ऐकतील!

रेकॉर्डिंगचा बंगला एरवी रिकामा असतो. मागच्या खोलीत भिंतींना रजया ठोकल्यात, काचेपलीकडे मशीनवाले काका. ते म्हणाले, प्रत्येक खोलीची शांतता वेगळी. ती मिनिटभर रेकॉर्ड करून ठेवायची. वाचताना खोकलं, अडखळलं की तेवढं कापून तिथे शांततेचं ठिगळ लावायचं. मी मिनिटभर श्वाससुद्धा रोखला. काकांनी हातच जोडले. आईला खरं वाटणार नाही. बोलताना दम घेत नाही म्हणून तिनेच मला भिंगरी म्हणायला सुरुवात केली.

७ फेब्रुवारी
सात प्रकरणं झाली. एक वाक्य चारदा वाचावं लागलं, पोटातले कावळे माइकने पकडले. त्यांना वेगळं मानधन नाही, म्हणाले काका, आधी डबा खा. तयार प्रकरणं आईच्या फोनवर पाठवली.

९ फेब्रुवारी
आईचा फोन. वाचतेस छान, पण सोबतची ती बाई कोण गं, म्हणाली. तू थांबलीस की बोलते, फार मायेने चौकशी करते. मी हसले. काकांनी हेडफोन लावून पहिल्या दिवसाचं ते मिनिट ऐकलं आणि त्यांचा चहा तसाच राहिला.
त्यात कुणीतरी श्वास घेत होतं. मी तर रोखला होता.
रोज नवी शांतता घ्यायला हवी होती. काकांनी आळस केला. तेच एक मिनिट सगळ्या प्रकरणांत, वाक्यावाक्यांमध्ये डकवलंय.

१० फेब्रुवारी
काका म्हणतात, पोरी, सोड हे काम. मी म्हटलं, एवढं शिकले ती काय एका श्वासाला घाबरायला?
आईला फोनवरचं सगळं पुसायला लावलं. फोन बंद केला तरी बाई बोलतेच, म्हणाली.

११ फेब्रुवारी
आईने तिला माझं लाडाचं नाव सांगितलं. एवढ्या आपुलकीने विचारलं तर काय तोंड शिवून बसू, म्हणे. शेवटचं प्रकरण ती बाई स्वतः घरी येऊन ऐकवणार आहे. आई दार उघडं ठेवणार —
नाही. माझ्या आईला वाचून दाखवायला मी आहे.

१२ फेब्रुवारी, सकाळ
बाविसावं प्रकरण मीच वाचणार. थेट फोनवर. वाक्यांमध्ये जागाच सोडायची नाही. बघू कुठे उभी राहते!

दुपार
वाचलं, एका दमात. पुस्तक मिटलं आणि फोनवर आईच्या आवाजात — भिंगरी, थांबलीस?
फोनमध्येच, त्या आवाजामागे, घरचं दार वाजत होतं. बाहेरून माझी आई हाका मारत होती, कडी कुणी लावली म्हणून —

काका आईला आणायला निघालेत. तासाभराची वाट. मी फोनवर वाचते तोवर ती बाई ऐकत बसते, जागची हलत नाही. म्हणून पहिल्या पानापासून पुन्हा — तोंड वाचतंय, हात लिहितोय —

घसा सुकलाय. पेला शेजारी आहे, पण गिळायला थांबावं लागेल — नाही थांबणार — भिंगरी म्हणतात मला, बाई —

काकांचा मेसेज. आई गाडीत बसली. आई सुटली!

आता वाच तू हवं तितकं, बाई — नाही, मीच — तिसरं प्रकरण — पुढचं वाक्य मी अजून वाचलेलं नाही, मग माझ्या मागे ते कोण वाचतंय —